एका मात्रेचा फरक

रविवार, २ मार्च २०२५

चि. सौ. रत्ना,

पाइप टाकीत सोडून तशीच वर आले आणि लिहायला बसले. खाली टँकरवाला ओरडतो आहे, "बाय, पायप धर गो, उदक व्हांवून वता!" वाहू दे. पुन्हा खाली उतरले तर आजही लिहिणे राहील.

आशीर्वाद आधी लिहायचे असतात. ते तुला आणि सुधीरला. सासूबाईंना नमस्कार.

पत्र बघून तू घाबरू नकोस. फोन केला तर सुधीर उचलतो, "बरं हाय बाई" म्हणतो आणि ठेवतो. आमच्या घरातही फोनवर बोलले की कोणाचा तरी कान असतो. पत्राला कान नसतात. आणि तुला वाचता येते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? दुपारी माझ्या सोप्यावर बसून तू पेपर मोठ्याने वाचायचीस आणि मी तुझे उच्चार सुधारायचे. "बाई, तुमची साळा सुटली आता, मलाबी सोडा," असे म्हणायचीस.

तुमची मागची खोली अजून रिकामी आहे. यांनी एक भाडेकरू आणला होता, फरशीचे काम करणारा. मी म्हटले, भिंतीला ओल आहे. ओल नाही. या घरात सध्या कशालाच ओल नाही. तू लावलेली अबोली टँकरच्या पाण्यावर जगते आहे, पण फुले लहान येतात.

आता मुद्द्याचे लिहिते.

म्हापशाच्या स्टँडवर चंदगडच्या गाडीत चढताना तू म्हणालीस, "बाई, पालिकेत एकदा बोला. ह्यांची चूक न्हाई एवढं त्यांनी म्हणावं. मग कुठलाबी कंत्राटदार कामाला घेईल." मी हो म्हटले. गाडी सुटली म्हणून हो म्हटले असे नव्हे. खरेच म्हटले. येत्या गुरुवारी सभा आहे आणि झरीचा विषय त्यात आहे. नागरिकाला मागे बसता येते. मी काही बोललेच, तर ते असे बोलावे म्हणते. तू वाचून बघ.

"आमच्या वॉर्डातली पाण्याची झर गाळाने भरली होती. ती साफ करून पायऱ्या बांधाव्यात, असा ठराव आमच्याच नगरसेवकांनी मांडला. काम कंत्राटदाराने घेतले. मुकादम सुधीर. जानेवारीत खणणे सुरू झाले. गाळ निघाला, खाली जुना दगडी कठडा लागला आणि पाणी आले. त्यानंतर 'पुरो' असे सांगण्यात आले. सुधीरने ते 'पुरा' असे ऐकले, असे म्हणतात. काढलेली सगळी माती जेसीबीने परत आत गेली आणि वरून रोलर फिरला. संध्याकाळी वाडीतल्या बायका कळश्या घेऊन आल्या, तेव्हा तिथे सपाट जमीन होती. कंत्राटदाराने सुधीरला काढले. हा मुकादम पालिकेच्या कामावर नको, असे बाकीच्या कंत्राटदारांनाही कळवण्यात आले. चूक झाली असेल तर ती भाषेची आहे. तिच्यासाठी माणसाचे पोट मारू नये."

वाचायला बरे वाटते. शाळेत असते तर मी त्याला बरे मार्क दिले असते.

तो किस्सा इकडे अजून चालू आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईने तो मलाच सांगितला. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हते. "आयकलें गो बाय? नगरसेवक म्हणता पुरो, आनी तो घाटी झर पुरून मेकळो!" शेजारच्या सगळ्या जणी हसल्या. मी मिरच्या घेतल्या.

मला मात्र तुझा पहिला दिवस आठवला. तू आमच्याकडे वाढायला उठली होतीस. मी पानावर हात आडवा धरून "पुरो, पुरो" म्हटले, आणि तू भाताचा डाव घेऊन तशीच उभी. "काय पुरू, बाई?" कोंकणीत पुरो म्हणजे पुरे, हे तुला मग सांगितले. सुधीर हसता हसता ठसकला. त्यानंतर तो रोज जेवताना मुद्दाम "पुरो" म्हणायचा, आमच्यापेक्षाही लांबवून.

यांना मी सांगितले आहे, गुरुवारी सुधीरसाठी तुम्हीच दोन शब्द बोला. नगरसेवक तुम्ही, वॉर्ड तुमचा. "बघूया," म्हणाले.

त्या दिवशी मी झरीवर होते की नव्हते, ते तू विचारले नाहीस. बरे केलेस.

टँकर गेला. पाइप अंगणात पडला आहे.

तुझी,
बाई

—

शुक्रवार, ७ मार्च २०२५

चि. सौ. रत्ना,

आशीर्वाद. माझे आधीचे पत्र पोचले असेल तर त्यातला अवतरणातला मजकूर फाडून टाक. तो खोटा आहे.

काल मी पालिकेत गेले. यांच्या गाडीने गेले नाही, चालत गेले. मागे तीन बाके आहेत, त्यांवर मी आणि एक म्हातारा. तो पंख्याखाली झोपायला येतो, असे शिपायाने सांगितले.

तुला वाटत असेल, सभा म्हणजे मोठे काही. मलाही वाटायचे. हे सभेहून येतात तेव्हा एवढे थकलेले असतात की मी कधी विचारले नाही. काल बघितले. आधी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायचे असते. नगरसेवक दत्तप्रसाद म्हणाला, "वाचलें अशें धरूया." सगळ्यांनी धरले. मग स्मशानाच्या गेटचा रंग. हिरवा द्यावा, असे एकाचे मत, तर दुसरा म्हणाला हिरव्याचा वेगळा अर्थ निघतो. करडा ठरला. मग शिमग्याची मिरवणूक, आणि तिथे सगळे जागे झाले. स्टेजचे तोंड देवळाकडे की बाजाराकडे? देवळाकडे केले तर पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येते. बाजाराकडे केले तर देवाकडे पाठ होते. यावर इतके बोलणे झाले की चहा आला. बरोबर बन्स आले. बन्स गरम होते म्हणून भटक्या कुत्र्यांचा विषय पुढच्या सभेवर गेला.

झरीचा विषय शेवटी होता. तोपर्यंत काही जण उठून गेले होते.

दत्तप्रसाद माझ्या वर्गात होता. त्याला काना-मात्रा कधी आली नाही, पण गोष्ट सांगायला तो तेव्हाही पुढे असायचा. अध्यक्ष सुलोचना म्हणाली, "झरीच्या कामाबाबत कोणाला बोलायचे आहे?" आणि हा उभा राहून तोच किस्सा सांगू लागला. हातवारे करून. एका हाताने यांच्यासारखा तळवा आडवा धरायचा, "पुरो, पुरो." लगेच वळून सुधीर व्हायचा, डोळे मोठे करून, "पुरू का, सायेब?" सगळ्यांनी तो आधी ऐकलेला होता. तरी हसले. हेही हसले, रत्ना. मोठ्याने नाही.

सुलोचना डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे भाषेचा गैरसमज. कोणाचा दोष नाही. पण मुकादमाला एवढे कळायला हवे होते. आधीचा निर्णय तसाच ठेवूया."

मी उभी राहिले.

"बाई, मागे बसून ऐकायचे असते," ती म्हणाली. हसतच म्हणाली. ती मला मान देते.

"एकच वाक्य आहे."

"बरे, सांगा."

मी म्हटले, "ह्यांनी पुरो म्हटले नाही. पुरा म्हटले."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली. वाईट पोरगा नाही तो. त्याचे काम तो करत होता. "ह्यांनी म्हणजे कोणी, बाई? नोंद करायची तर नाव पाहिजे."

तुला माहीत आहे, मी यांचे नाव घेत नाही. तू कधी त्यावरून थट्टा केली नाहीस, कारण तूही सुधीरला "आवो" म्हणतेस. लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढेच. नंतर गरजच पडली नाही. शाळेत हजेरीत त्याच नावाचा एक मुलगा होता, त्याला मी आडनावाने हाक मारायचे. काल मी तिथे उभी राहून ते नाव जिभेवर आणत होते. अवघड नाव नाही. बाराखडी शिकलेल्या कोणत्याही मुलाला वाचता येईल.

तेवढ्या वेळात दत्तप्रसाद ओरडला, "नांव घे गो बाई! उखाणो जांव दी!"

मग काय विचारतेस. टेबले वाजली. कोणीतरी ताटा-वाटीपासून सुरुवात करून दिली, दुसऱ्याने पुढची ओळ लावली. म्हातारा जागा झाला आणि काय झाले ते न कळता तोही टाळ्या वाजवू लागला. सुलोचना हसता हसता मला हाताने खाली बसण्याची खूण करत होती. हसणे थांबले की बोलू, असे मी ठरवले. पण ते थांबेना, आणि जेव्हा थांबले तेव्हा आभार मानून झाले होते. कारकुनाने लिहिले, "चर्चा झाली." ते त्याने मोठ्याने वाचले म्हणून मला कळले.

हे सगळा वेळ बन्सचा तुकडा मोडत होते. मोडून मोडून त्याचा चुरा झाला.

घरी आल्यावर म्हणाले, "लोकांत हसे करून घेतलेस."

"कोणाचे?" मी विचारले.

त्यांनी जेवायला वाढ म्हटले. मी वाढले. त्यांनी हात आडवा धरला, पण तोंडाने काही बोलले नाहीत. आता हे घरात तो शब्द उच्चारत नाहीत.

सभेत जे बोलता आले नाही ते तुला लिहिते. त्या दिवशी मी झरीवर होते. चहाची किटली आणि कप घेऊन वर काठाशी उभी होते. पाणी नुकते लागले होते. तांबूस, मग हळूहळू निवळ. सुधीर गुडघ्यापर्यंत आत उभा. त्याने ओंजळीत घेऊन तोंडाला लावले आणि वर बघून मला म्हणाला, "बाई, गोड हाय." तेवढ्यात यांचा फोन वाजला. हे बाजूला गेले, बोलले, परत आले. काठावर उभे राहून म्हणाले, "सुधीर, बाहेर ये. हे सगळे पुरा."

सुधीर म्हणाला, "पुरू म्हणता, साहेब? पाणी लागलंय."

"होय, पुरा."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "साहेब, मराठीत सांगा." थट्टा वाटावी असा आवाज होता त्याचा, पण तो थट्टा करत नव्हता. हे म्हणाले, "मराठीतच सांगतो आहे."

मी मुलांना जन्मभर शिकवले, काना एवढा, मात्रा एवढी. नुसता काना दिला तर पुरा. वर मात्रा चढवली तर पुरो. एका मात्रेचा फरक. मी कपबशा हातात धरून उभी होते आणि माझ्या कानांनी तो काना ऐकला. मात्रा नव्हती. ती नंतर चढवली गेली. बायका कळश्या घेऊन जमल्या आणि ओरडू लागल्या तेव्हा. यांनीच चढवली. पहिल्यांदा एकजण हसला, तेव्हाच मला वाटले, आता ही झर पुन्हा उघडणार नाही. लोकांच्या रागाला उत्तर द्यावे लागते. त्यांना हसू आले की सुटका होते.

यांनी सुधीरशी कधी कोंकणीत एक शब्द बोललेला मला आठवत नाही. तुलाही आठवत नसेल.

तरी सुधीर गप्प राहिला. बायकांसमोर मान खाली घालून "ऐकण्यात चूक झाली" म्हणाला. का म्हणाला, ते मला कळलेले नाही. तुला कळले असेल तर लिही.

तुझी,
बाई

—

रविवार, २३ मार्च २०२५

चि. सौ. रत्ना,

आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. पोस्टमन दारात आला तेव्हा हे बाहेर गेले होते.

तू थोडेच लिहिलेस. मी ते पाठ होईपर्यंत वाचले. "बाई, आता काय बोलू नगा. साहेबांनी तुयेला फॅक्टरीत कायमचं काम देतो म्हटलं हुतं, म्हणून हे गप ऱ्हायले. चुकलं म्हण, चार दिवस लोक हसतील, मग तुला लावतो, असं म्हटलं हुतं. हितं गावातबी ती गोष्ट पोचली. पोरं ह्यांना पुरो म्हणून हाक मारत्यात. हे घरातनं भाईर पडत न्हाईत."

तुये आमच्यापासून काही लांब नाही. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत यांची ओळख आहे, हे खरे आहे. चार दिवस केव्हाच संपले.

तुझे पत्र मी यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, घडी केली आणि मला परत दिले. मग सगळे सांगितले. एवढ्या सहज सांगतील असे वाटले नव्हते. बहुधा कोणी विचारायचीच वाट बघत होते.

झरीच्या वर यांच्या घराण्याची जमीन आहे, ती तू बघितली आहेस. काजू आहेत तिथे. ती एक बिल्डर घेतो आहे. वर जायला रुंद रस्ता लागतो आणि तो झरीवरूनच जातो. झर वाहती असली तर तिथे रस्त्याला परवानगी मिळत नाही. ठराव मांडला तेव्हा यांना वाटले होते, झर केव्हाच आटली आहे. थोडे खणू, कोरडी लागेल, लोकांना पायऱ्या बांधून देऊ आणि विषय मिटेल. कोरडी लागेल म्हणून त्यांनी खणायला लावले, आणि पाणी लागले. काठावर आला तो फोन धाकट्या दिरांचा, परेशचा होता.

"मी काय करायला हवे होते?" त्यांनी मला विचारले. खरेच विचारले.

मी म्हटले, "सुधीरने तुम्हाला विचारले होते."

"तो नोकर माणूस. त्याला दुसरीकडे काम मिळेल. जमीन एकदाच विकते."

ते लहानपणी त्याच झरीचे पाणी भरायचे. सासूबाई सांगायच्या, कळशी डोक्यावर घ्यायला लाजायचा, म्हणून काखेत घेऊन यायचा आणि अर्धी सांडायचा. मी त्यांना ती आठवण करून दिली नाही. आठवत असेलच.

या गुरुवारी पुन्हा सभा झाली. मी गेले नाही. आता मला बघितले की लोक उखाण्याची ओळ म्हणतात, बाजारात, बसमध्ये, देवळातसुद्धा. प्रेमाने म्हणतात. रस्ता मंजूर झाला. त्याला नाव काय द्यावे यावर बराच वेळ गेला, असे हे म्हणाले. शेवटी "झरीचा रस्ता" ठरले. दत्तप्रसादने सुचवले. सर्वांना आवडले.

दोन माणसे आणून पुन्हा खणून बघावे असे माझ्या मनात आले होते. सर्वणला, माझ्या माहेरी, एक जण झरी मोकळ्या करायचे काम करतो, त्याला विचारले. तो म्हणाला, "बाय, रोलर फिरला तर पाणी वाट बदलते. मग ते कुठे जाते, ते कोणाला सांगता येत नाही." आमच्या आसपास ते कुठे वर आलेले नाही. विहिरीतही वाढले नाही.

तर आता माझ्या हातात एकच गोष्ट आहे. तुमच्याकडे असे नसते, म्हणून सांगते. इथे गोव्यात लग्न झाले की जे नवऱ्याचे ते निम्मे बायकोचे. जमीन विकायची तर बायकोची सही लागते. नवऱ्याने एकट्याने केलेली चालत नाही. धाकट्या दोन्ही जावांनी सह्या द्यायचे कबूल केले आहे. उद्या सोमवारी सकाळी खरेदीखत आहे. सगळे नोंदणी कचेरीत जमणार आणि माझ्या सहीवाचून काही होणार नाही.

मी यांना सांगितले, पुढच्या सभेत उभे राहून सगळ्यांसमोर सांगा की पुरा म्हटले, सुधीरने बरोबर ऐकले. मग मी सही करीन. नाहीतर नाही.

"ते कसे शक्य आहे?" म्हणाले.

"एकच वाक्य आहे."

"मला राजीनामा द्यावा लागेल. लोक तोंडात शेण घालतील."

"सुधीरच्या घातले, तेव्हा तुम्ही हसलात."

परेश आले, दोन्ही जावा आल्या. धाकटी रडली. तिच्या मुलीचे लग्न ठरते आहे. परेश म्हणाले, "वैनी, एका घाट्यासाठी घर मोडता तुम्ही?" मी म्हटले, त्याचे नाव सुधीर आहे. त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला दुसऱ्यांची नावे बरी घेता येतात."

हे त्यांनी बरोबर म्हटले, रत्ना. तेच मला लागले.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिले होते, "सांगण्यात आले." शाळेत असे वाक्य आले की मी विचारायचे, कर्ता कुठे आहे? मुले पुस्तकात शोधत बसायची. दुसऱ्या पत्रात मी "हे" लिहिले. आता पूर्ण वाक्य लिहिते. कागदावर मला लाज वाटत नाही.

कृष्णनाथने सुधीरला झर पुरायला सांगितले. सुधीरने दोनदा विचारले. कृष्णनाथने दोनदा सांगितले. मी ऐकले.

हा कागद तू गावात दाखव. दत्तप्रसादसारखा कोणी असेल, त्याला मोठ्याने वाचायला लाव. सुधीरला हाक मारणाऱ्या पोरांना दाखव. त्याने काही होईल असे मला वाटत नाही. पालिका चंदगडहून आलेला कागद बघणार नाही, आणि पोरांना हाक मारायला मजा येते. पण माझ्याकडे होते ते एवढेच, आणि ते मी तुला दिले.

उद्या मी सही करणार नाही. यांना तसे सांगून झाले आहे. दुपारपासून ते सोप्यावर बसून आहेत. मघाशी फोन घेऊन उठले आणि अंगणात, अबोलीजवळ जाऊन बराच वेळ कोणाशी तरी बोलत होते. आवाज ऐकू आला नाही.

खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. ती मी कोणाला देणार नाही.

तुझी,
कमलाक्षी

ता. क. पाकीट उघडेच होते म्हणून लिहिते. सोमवार, २४ मार्च. सकाळी चूल पेटवायच्या आधी सुधीरचा फोन आला. तू आंघोळीला गेली होतीस, असे म्हणाला. "बाई, सही करा की वो. काल साहेबांचा फोन आला हुता. तुमी सही केली की एक तारखेपासनं तुयेला घेत्यात. मीच चुकीचं ऐकलं म्हणा. माझं काय न्हाई." मी त्याला विचारले, तू काय ऐकलेस, सुधीर? तो म्हणाला, "पुरो."

दहाच्या सुमारास आम्ही कचेरीत गेलो. प्रत्येक पानावर सही करायची होती. माझ्या सहीत माझ्या नावापुढे त्यांचे नाव असते, ते मी प्रत्येक पानावर लिहिले. शेवटचे पान झाले तरी माझा हात पुढच्या कागदाकडे गेला. तिथल्या माणसाने तो कागद बाजूला घेतला आणि म्हणाला, "पुरो, बाई. पुरो."